लूज कॉन्टॅक्टला कुंकू

आधीच सांगते, मी फिजिक्सवाली. नजर, करणी, साक्षात्कार... असलं काही ऐकलं तरी माझं डोकं उठतं. तरी लिहितेय, कारण वर्षभर मला खोटं ठरवलं जातंय — तेही ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं त्यांच्याकडून!

घर धारला, पीएचडी देवासला. विषय टोपोलॉजिकल क्रिस्टल्स — आतून वीज अडवतात, पृष्ठभागावरून वाहू देतात. माझा क्रिस्टल तुरीच्या डाळीएवढा. तो सुपरकंडक्टर व्हायला, म्हणजे विजेला होणारा विरोध शून्यावर यायला, भयंकर थंडी लागते. आमच्याकडे फक्त लिक्विड नायट्रोजन. तेवढ्यावर ते शक्यच नाही.

मागच्या दसऱ्याला लॅब बंद, म्हणून क्रिस्टलची डबी घरी आणली. खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रं पुजतात. तलवारी कधीच गेल्या; आता मिक्सर, स्कूटी, लॅपटॉप. आईने डबी उघडून क्रिस्टललाही हळदकुंकू लावलं!

"आई, सहा महिन्यांची मेहनत आहे ती!"

"अगं, तुझं हत्यार तेच ना?"

मी नको ते बोलले. आई त्या दिवशी जेवली नाही.

पुसताना पृष्ठभाग खराब होईल या भीतीने सुट्टीनंतर लॅबमध्ये मी क्रिस्टल तसाच नायट्रोजनमध्ये मोजला. विरोधाचं रीडिंग शून्य. माझ्या गाइड सरांनी तारा स्वतः पुन्हा जोडल्या. शून्य! चुंबकाचा बारीक तुकडा वर ठेवला, तर सुपरकंडक्टरवर राहतो तसा तो केसभर अधांतरी राहिला. "पागल झालो की काय आपण?" सर पुटपुटले. मग त्यांनी क्रिस्टल अ‍ॅसिटोनने धुतला आणि सगळं नॉर्मल. आईकडून पुन्हा कुंकू लावून आणलं, तरी नॉर्मल.

"लूज कॉन्टॅक्ट होता," सर म्हणाले. "लॅबच्या रजिस्टरमधलं त्या शून्याचं पान काढ, तेव्हाच थीसिसवर सही."

लूज कॉन्टॅक्टने चुंबक तरंगतो का हो? आणि तारा कोणी जोडल्या होत्या? मी पान फाडलं नाही. सही मिळाली नाही.

यंदा दसऱ्याच्या सुट्टीआधी सरांनी नवा क्रिस्टल माझ्या हातात ठेवला. "धारला जातेच आहेस, तर... आईंना म्हणावं, मागच्यासारखंच करा. किसी को बोलना मत."

लूज कॉन्टॅक्टला कुंकू कशाला?

आईने लावलं, पण म्हणाली, "मागच्यासारखं कसं जमेल गं? तेव्हा मी नुसती पूजा केली होती."

रीडिंग नॉर्मल आलं. सर खुशीत म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो ना!"

ते शून्य कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. सही अजून नाही. पान रजिस्टरमध्येच आहे.