मीटरवरचा आकडा टिकेपर्यंत

मी निघाले त्या सकाळी अण्णांनी आमची पिठाची गिरणी बंद ठेवली होती. परभणीच्या स्टँडवर त्यांनी माझी बॅग सीटखाली सरकवली आणि एसटी हलेपर्यंत कंडक्टरशीच बोलत राहिले. आई मात्र खिडकीशी येऊन म्हणाली, "करमलं नाही तर रडत बसू नको, फोन कर."

गावाकडच्या मैत्रिणी अजून विचारतात, पुण्याजवळ त्या चाकणला तू नेमकं करतेस काय? आमच्या कंपनीत इंटरनेटच्या केबलींचे कनेक्टर बनतात. केसाएवढा काचेचा फायबर मोहरीएवढ्या लेन्ससमोर असा आणायचा, की त्यातून येणारा उजेड इकडेतिकडे न सांडता पलीकडे गेला पाहिजे. डोळे मायक्रोस्कोपला, बोटं बारीक स्क्रूवर, शेजारी उजेड मोजणारा मीटर. आकडा सगळ्यात वर गेला की ग्लू लावून पक्कं करायचं.

मला ते जमत नव्हतं. माझ्या टेबलावर आकडा बरोबर यायचा आणि तपासणीतून माझेच पीस परत यायचे. दुसऱ्या महिन्यात सुपरवायझरांनी शांतपणे सांगितलं, अजून आठवडाभर बघू, नाहीतर पॅकिंगला जा. पॅकिंग काही वाईट नाही. पण आयटीआय करून, नातेवाइकांचे चार शब्द ऐकून घेऊन मी आले होते ती याच टेबलासाठी. घरी मात्र सगळं छान चाललंय असंच सांगायचे. त्या रविवारी मोशीच्या भाड्याच्या रूमवरून फोन केला आणि खरं ते बोलून टाकलं. आईने फोन अण्णांकडे दिला.

"जमत नसंल तर ये," ते म्हणाले. "पण जमण्यासारखं असंल, तर आमच्यासाठी येऊ नको."

सोमवारी मी शेजारच्या टेबलावरच्या मंगलताईंना विचारलं. त्या तळेगावच्या, या कामात मुरलेल्या. इतके दिवस विचारायची लाज वाटत होती. थोडा वेळ त्या नुसत्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या.

"आकडा वर गेला की तू लगेच ग्लू लावतीस," त्या म्हणाल्या. "आधी स्क्रूवरनं हात काढ. आकडा टिकला तरच लाव."

हात काढला, तर आकडा घसरला. फायबर जागेवर बसलाच नव्हता, माझ्या बोटांच्या दाबाने तेवढा थांबला होता. त्या दिवसापासून मी थांबायला लागले. आठवडा संपला तेव्हाही पीस परत येत होते, पण अगदी थोडे. टेबल राहिलं.

आता नव्या मुलींना मीच शिकवते. माझ्या बोलण्यात शिफ्ट आणि रिजेक्शन इतकं घुसलंय, की आई म्हणते, तू तर पुण्यावाल्यांसारखं बोलायलीस.

यंदा गावी दिवाळी करून परतले. मोशीत दाराचं कुलूप काढत होते, तेवढ्यात अण्णांचा फोन आला. दर वेळी ते विचारतात, रूमवर पोचली का? या वेळी म्हणाले, "घरी पोचली का?"

त्यांच्या लक्षातही आलं नसेल. मी दारातच थांबले. मग म्हणाले, "हो अण्णा, आत्ताच." या रूमसाठी 'घर' हा शब्द त्यांच्या तोंडून इतका सहज आला; त्यांच्यासमोर तो उच्चारायला मला मात्र अजून जड जातं.