दा नांगला कुठं जेवावं

माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि लग्नानंतर दोघं व्हिएतनामला जाणार हेही ठरलं. परवा तिचा फोन आला.

"मावशे, तू गेलतीस ना दा नांगला? तिथं समुद्राजवळ जेवायला कुठं चांगलं हाय गं?"

माझं डोकंच तापलं, आणि त्यात त्या पोरीचा काडीचा दोष नव्हता. दा नांगला कुठं जेवावं हे मला पक्कं ठाऊक आहे. कोणत्या रस्त्याला, कुणाच्या हातचं आणि कोणत्या तिथीला, तेसुद्धा ठाऊक आहे. फक्त मी तिथं जेवलेले नाही.

हे नीट सांगायचं तर आधी पडद्याचं सांगायला हवं. आम्ही गेवराईचे. यजमानांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. गाव हमरस्त्यावर असल्यामुळं हॉटेलांना तोटा नाही. पुरुष एकटे गेले की बाहेर लिंबाखाली बाजेवर बसतात, येणारी-जाणारी वाहनं बघत शेवभाजी हाणतात. मी सोबत असले की पोऱ्या लांबूनच ओरडतो, "फॅमिली हाय, आत बसा!" फॅमिली म्हणजे मी. आत प्लायवुडचे खण केलेले असतात आणि प्रत्येक खणाला एक पडदा. त्या पडद्याला आधीच्या गिऱ्हाइकांनी हात पुसलेले असतात. पंखा असतो, पण त्याचं तोंड शेजारच्या खणाकडं. लग्न झाल्यापासून मी बीडपासून पैठणपर्यंत कितीतरी हॉटेलांत जेवले, आणि त्या प्रत्येक हॉटेलाची भिंत मला पाठ आहे. रस्ता एकाही ठिकाणी दिसलेला नाही. "पडदा उघडा ठेवू का?" असं मी एकदा विचारलं होतं. "लोक बघतेत," यजमान म्हणाले. ते बघतात तर आपणही त्यांना बघू, हे काही त्यांना पटलं नाही.

म्हणून खताच्या कंपनीनं जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांना जोडीनं व्हिएतनामची सहल दिली, तेव्हा मी मनाशी एकच गोष्ट ठरवली. समुद्रासमोर, उघड्यावर, रस्त्याकडं तोंड करून एकदा जेवायचं. पूल, देवळं, डोंगरावर नेणारे रोपवेचे पाळणे ज्याला बघायचे त्यानं बघावेत.

विमानतळावर कळलं की सोबत आपला आचारी आहे. सगळे त्याला महाराज म्हणत. महाराजांबरोबर कढया, झारे, बेसनाची पोती, शेंगदाण्याचं कूट आणि काळा मसाला. आमच्या गटातल्या पुरुषांना इतका आनंद झाला की परदेश बघायचाच राहिला असता तरी चाललं असतं. सकाळी पोहे, दुपारी पिठलं, संध्याकाळी शेवभाजी. पळसाला पानं तीनच म्हणतात, ती समुद्र ओलांडल्यावरही तीनच. जेवण हॉटेलाच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. हॉलला समुद्राकडं चांगल्या मोठ्या खिडक्या होत्या, आणि एसीची हवा जाते म्हणून त्यांवर पडदे ओढलेले. मी पहिल्या दिवशी ताट हातात घेऊन त्या पडद्यांकडं बघितलं आणि मला रडू यायचंच बाकी राहिलं. पडदे तेवढे इथं स्वच्छ होते.

हॉटेलासमोर रस्ता, रस्त्यापलीकडं वाळू आणि समुद्र. रस्त्याच्या अलीकडच्या फुटपाथवर एका सासू-सुनेची खाण्याची टपरी होती. त्या सासू-सून असाव्यात असा माझा अंदाज, कारण म्हातारी सारखी बोलत होती आणि तरुण बाई ऐकत नव्हती. मोठं पातेलं, त्यातून वाफ, बाजूला पालेभाज्यांची टोपली, आणि लाल प्लॅस्टिकची बुटकी स्टुलं. त्या स्टुलांवर बायका बसायच्या. म्हाताऱ्या, तरण्या, कडेवर लेकरू असलेल्या. समुद्राकडं तोंड करून मोठमोठ्या वाडग्यांतून सूप ओढायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खुशाल बघायच्या. पडदा नाही, खण नाही, कुणी "आत बसा" म्हणत नाही. मी रोज संध्याकाळी फिरायच्या निमित्तानं तिथं जाऊन उभी राहायची.

"काय टाकतेत त्यात कुणाला माहीत," यजमान म्हणायचे. ते खरंच होतं. तिथं साध्या भाजीतही माशाचं पाणी घालतात. आम्ही वाणी, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि माझ्या घशाखालीही ते उतरलं नसतं. तेव्हा दोष कुणाला द्यायचा? मी हात चोळत परत यायची.

आणि मग पौर्णिमा आली. पौर्णिमेचा उपवास सासूबाईंकडून माझ्याकडं आलेला आहे. दिवसभर धरायचा आणि चंद्र बघून वरण-भातानं सोडायचा. त्या सकाळी मी पोहे घेतले नाहीत. बसची वाट बघत खाली उभी होते, तर समोरच्या टपरीवर पिवळी पाटी लावलेली. आमच्याबरोबर तिथलीच एक गाइड मुलगी होती, आपल्याकडच्या गटांना फिरवून मोडकंतोडकं हिंदी शिकलेली. तिला विचारलं. ती म्हणाली, इथं पुष्कळ लोक पौर्णिमेला आणि अमावास्येला मासमच्छी खात नाहीत, म्हणून ही टपरी त्या दोन दिवशी सगळं शाकाहारी करते. आज पातेल्यात मशरूम आहेत, कच्चा फणस आहे, केळफूल आहे, मुगाची डाळ घातलेला भात आहे. माशाच्या पाण्याचा थेंबही नाही.

मूग आणि भात! म्हणजे माझा उपवास सुटायचीच सोय. मी समुद्राकडं बघितलं. सूर्य तिकडूनच उगवला होता, म्हणजे पौर्णिमेचा चंद्र संध्याकाळी तिथूनच वर येणार, स्टुलांच्या बरोबर समोर. चंद्र बघायचा आणि बसल्या जागी पहिला घास घ्यायचा. इतकं जुळून आलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी बसमध्ये चढल्या चढल्या यजमानांना सगळं सांगून टाकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"आज तुझा उपास हाय व्हय?" त्यांनी एवढंच धरलं. "मग आदी सांगायचं न्हाई का!"

"अहो, मी त्या टपरीचं सांगतेय. संध्याकाळी जायचं का?"

"बघू की."

बघू म्हणजे काय, हे बायकांना सांगायची गरज नाही. तरी मी आशा धरली.

संध्याकाळी हॉलमध्ये कंपनीचा सत्काराचा कार्यक्रम निघाला. प्रत्येक जोडीला स्टेजवर बोलावून शाल आणि ट्रॉफी. काठपदराची साडी नेसून मी खिडकीच्या पडद्याजवळच्या खुर्चीत बसले. कंपनीचे साहेब नव्या खताची माहिती प्रोजेक्टरवर दाखवत होते, आणि ते खत काही संपेना. आमचं नाव यादीत खाली. मी खिडकीचा पडदा थोडा बाजूला केला. पाण्यातून चंद्र नुकताच वर आला होता, तांबूस, आपल्याकडं कधी दिसत नाही एवढा मोठा. खाली टपरीवर एकही स्टूल मोकळं नव्हतं. सून वाडगे भरत होती, म्हातारी बोलत होती. मी चंद्राला हात जोडले.

"वहिनी, पडदा राहू द्या, चित्र पुसट दिसतंय," मागून कुणीतरी म्हणालं.

मी पडदा सोडला. यजमानांना हळूच म्हणाले, "चंद्र दिसला. मी खाली जाऊन येते, नाव पुकारेपर्यंत होईल."

"दोन मिन्टं थांब," ते म्हणाले आणि लगबगीनं उठून मागं गेले. मला वाटलं, साहेबांना सांगायला गेले असतील. ते परत आले तेव्हा त्यांच्या मागं महाराज, आणि महाराजांच्या हातात झाकलेलं ताट. यजमानांनी स्वतः झाकण काढलं. साबुदाण्याची खिचडी. वर खोवलेलं खोबरं, बाजूला दही.

"सकाळीच महाराजांला फोन करून सांगून ठिवलतं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुलला होता की ट्रॉफी त्यांना तेव्हाच मिळाली असं वाटावं. "साबुदाणा कुठंच मिळंना, तुमी बायका देऊळ बघत व्हता तवा गाइडला घेऊन चार दुकानं हिंडलो. म्हनलं, आमच्या मंडळींचा उपास हाय."

आजूबाजूच्या बायका माझ्याकडं कौतुकानं बघायला लागल्या. नशीबवान आहेस, एक म्हणाली. रागावायला माणसानं काहीतरी वाईट केलेलं असावं लागतं. यांनी तर चार दुकानं पालथी घातली होती. पण इतक्या वर्षांत माझा उपवास कशानं सुटतो हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. खिचडी उपवासाची, दुपारची. चंद्र दिसल्यावर खिचडी खाल्ली तर उपवास सुटत नाही, पुढं चालू राहतो. पण दिवसभराची भूक होती. मी त्या पडद्याकडं तोंड करून सगळी खिचडी खाल्ली, आणि ती चांगली झाली होती, याचाही मला राग आला.

सत्कार उरकून आम्ही खाली आलो, तर सासू-सून रिकामं पातेलं धूत होत्या. पौर्णिमेची गर्दी, सगळं संपलेलं. म्हातारीनं माझ्याकडं बघून दोन्ही हात झटकले आणि हसली. दुसऱ्या सकाळी आमची बस निघाली तेव्हा पिवळी पाटी नव्हती आणि सून मासे चिरत होती.

आता फोनवर भाची थांबून होती. "सांग ना मावशे. तू काय खाल्लंस तिथं?"

यजमान शेजारीच चहा पीत होते. त्यांच्या कानावर ते गेलंच. "साबुदाण्याची खिचडी म्हनावं!" ते ओरडले. "परदेशात! सांग तिला, सांग!" दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ही गोष्ट त्यांनी सांगितलेली आहे.

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि दार ओढून घेतलं. तिला रस्ता सांगितला, पिवळी पाटी सांगितली, पौर्णिमा बघून तिकिटं काढा म्हणाले. रस्त्याकडं तोंड करून बस, असं दोनदा सांगितलं.

"पण पौर्णिमेला तर माझा बी उपास असतो की," ती म्हणाली.

"असू दे. चंद्र दिसेपर्यंत धर. फक्त नवऱ्याला सांगू नको."

ती हसली. "कावून गं?"

"चांगला निघाला, तर खिचडी घेऊन येईल."