वॉर्डात न आलेल्या बाया

विमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका रुग्णाला चाकाच्या खुर्चीत बसवत होते. नशिराबादहून त्यांचा भाऊ बोलत होता. "ताई गेली... सकाळी चहा घेता घेताच." हृदयविकाराचा झटका. महिना उलटला, तरी त्या फिरतीवर असतील असंच वाटत राहतं.

धुळ्याच्या आमच्या पुनर्वसन केंद्रात त्या समाजसेविका होत्या आणि मी फिजिओथेरपिस्ट. मणक्याला मार लागून पाय लुळे पडलेली माणसं आमच्याकडे येतात. जळगाव-धुळ्याकडे असं कोणाला होतं आणि कशामुळे, याची पाहणी आम्ही करत होतो. कोणी झाडावरून पडलेला, कोणी विहिरीत, कोणाचा ट्रॅक्टर उलटलेला. जवळजवळ सगळे पुरुष. पुरुषच जास्त जोखमीची कामं करतात, असं मी म्हटलं. ताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "झाडावर बायाही चढतात गं. मग त्या पडल्यावर जातात कुठे?"

आणि त्या शोधायला निघाल्या. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यात रमीबाई सापडली. बकऱ्यांसाठी पाला तोडताना फांदी मोडून पडलेली, तेव्हापासून मागच्या खोलीत खाटेवर. पाठीला हाडापर्यंत जखम. सासू दारातच आडवी आली, सुनेला नेऊ देईना. "तिले लई जाईसन काय करशात? ती आते उठनार नही."

"नही उठनार, पन बसी तं खरं," ताई म्हणाल्या, आणि सरळ आत जाऊन रमीबाईच्या उशाशी बसल्या. जेवणाची वेळ टळली तरी उठल्या नाहीत. शेवटी सासूनेच भाकरी वाढली आणि दुसऱ्या दिवशी सून गाडीत घातली. जखम भरायला फार काळ गेला. पण रमीबाई बसली. आज ती खुर्चीत बसून चूल सांभाळते.

भडगावकडची, अशीच खाटेवर पडलेली सुनंदा मात्र राहून गेली. तिच्या नवऱ्याने दिवाळीनंतर आणतो म्हणून सांगितलं, ताईंनी विश्वास ठेवला. दिवाळीनंतर त्या गेल्या, तर खाट अंगणात उभी करून ठेवलेली. जखमेतून विष अंगात भिनून ती गेली होती. परतीच्या वाटेवर ताई एकच वाक्य बोलल्या, "मी थांबायला नको होतं." त्यानंतर त्यांनी कुठलीही भेट पुढे ढकलली नाही. ढकलली ती स्वतःची तपासणी. छातीत जळजळतं म्हणायच्या, गोळी घ्यायच्या आणि बस पकडायच्या. आम्ही सगळे डॉक्टर-सिस्टरांमध्ये वावरणारे, आणि आमच्या डोळ्यांदेखत...

मागच्या आठवड्यात साक्रीकडचा एक तरुण दाखल झाला, पत्र्यावरून पडलेला. आई सोबत होती. सगळी विचारपूस झाल्यावर ताई नातेवाइकांना बाजूला घेऊन एक प्रश्न हमखास विचारायच्या. आता विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून मीच विचारला. "मावशी, तुमच्या गावात अशी कोणी बाई पडून आहे का?"

ती मुलाकडे पाठ करून हळूच म्हणाली, "आमनाच घरमा शे ना ताई... मनी जाऊ."