पिपरीचं निळं वावर

शेत कधी निळं असतं का, असं मला एका मोठ्या माणसानं भर वर्गात विचारलं होतं. त्याला कितीतरी वर्षं झाली. पण कोणी माझ्यापुढे निसर्गचित्रांबद्दल गोडगोड बोलायला लागलं की मला तो प्रश्न आठवतो आणि अजून डोकं फिरतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वर्ध्यात एका खासगी चित्रकलेच्या वर्गात मी शिकत होते. वर टिनाचं छप्पर आणि खाली बसायला सतरंज्या, एवढाच त्या वर्गाचा थाट. बाबा कचेरीत कारकून होते. चित्रकलेला घरून विरोध नव्हता, तसा पाठिंबाही नव्हता. बाबांचं म्हणणं सरळ होतं. शिष्यवृत्ती मिळाली तर नागपूरला कलाशाळेत जा. नाही मिळाली तर घरी बस आणि आम्हाला स्थळं पाहू दे. दर हिवाळ्यात मुंबईहून एक परीक्षक यायचे, वर्गातल्या सगळ्यांची चित्रं बघायचे आणि एकाच विद्यार्थ्याचं नाव शिष्यवृत्तीसाठी सुचवायचे. माझं नागपूर त्या एका नावावर अडकलेलं होतं.

आता आमच्या वर्गातली निसर्गचित्रं कशी असत तेही सांगते. मागे निळे डोंगर, पुढे नदी, नदीत होडी आणि काठावर वाकलेलं नारळाचं झाड. वर्धा जिल्ह्यात नारळ देवापुढे फुटतो, झाडाला लागलेला मी तरी पाहिला नव्हता. आणि आमच्या नदीत होडी कोण घालणार? हिवाळ्यात गुडघाभर पाणी. पण मुलं कॅलेंडरं समोर ठेवून होड्या काढायची आणि सर त्यांना शाबासकी द्यायचे. मला याचा भयंकर राग यायचा. दाराबाहेर एवढं लख्ख ऊन पडलेलं, आणि आपण आत बसून कोकण रंगवतोय!

म्हणून मी बोर्ड सायकलच्या कॅरिअरला बांधून बाहेर पडू लागले. आमच्याकडच्या उन्हात जलरंग हाताळणं हे सोपं काम नाही. आभाळाचा रंग कागदाच्या डाव्या टोकाकडून उजवीकडे न्यावा तर निम्म्यातच वाळून त्याची कडा पडते. आणि पुस्तकात सांगितलेलं निळं आभाळ इथं असतं कुठे? दहा वाजले की ते पांढुरकं होतं, झाडांच्या पानांवरचा हिरवा रंग उडाल्यासारखा दिसतो आणि सगळा जोर सावलीत उतरतो. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. कागद नासवून नासवून मी शिकले. लोक हटकायचे. "काऊन वं बाई, उन्हात बसून काय करून राह्यली? काळी पडशीन!" मी पदर डोक्यावर घट्ट ओढून रंगवत राहायचे.

आमचे सर मूळचे पिपरी मेघेचे. आज तिथं घराला घर लागलं आहे, तेव्हा मात्र वस्ती संपली की शेतंच शेतं होती. सरांचा भाऊ शेती करायचा. एक दिवस सरच मला म्हणाले, "आमच्या वावरात जवस फुलला हाय. जाऊन पाह्य एकदा. पण सकाळी जाजो."

सकाळी का, हे सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वाढलेल्या कोणत्याही पोराला ते ठाऊक असतं. जवसाचं फूल उन्हाबरोबर उघडतं आणि दुपार व्हायच्या आत त्याच्या पाकळ्या गळतात. दुपारी त्याच शेतापाशी उभं राहावं तर नुसती हिरवी ताटं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी फुलं आणि परत सगळं शेत निळं.

मी गेले, आणि सायकल हातातच राहिली. काळ्या जमिनीवर एवढा मोठा निळा पट्टा, त्याच्या कडेला तूर, आणि मधूनच एक बाभूळ. रोज सकाळी जाऊन तेवढाच वेळ मी रंगवत असे. पाकळ्या गळायला लागल्या की ब्रश धुऊन घरी. पहिले कागद गेले. निळा नुसता निळा लावला की तलावच दिसायचा. मग मी आधी खालून हिरवा दिला, वाळू दिला आणि वरून निळा अगदी कोरड्या ब्रशनं ओढला. तेव्हा कुठे त्या रंगाखाली झाडं आहेत असं वाटायला लागलं. ते चित्र पुरं झालं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की आपल्याला हे येतं. उगाच कशाला खोटी नम्रता दाखवू? चित्र उत्तम झालं होतं.

परीक्षक आले. पांढरी पँट, गळ्यात रेशमी रुमाल. होडीवाल्या चित्रांपुढे "वा, वा" करत ते माझ्या चित्रापाशी थांबले. "हे पाणी असं तिरपं का वाहतंय?"

"पाणी नाही, जवसाचं शेत आहे," मी म्हटलं.

"शेत कधी निळं असतं का, मुली? कल्पनेनं रंगवायचं तर तसं सांगावं. निसर्गचित्राच्या नावाखाली हे चालणार नाही."

सगळे हसले. मी ऐकून घेणाऱ्यांतली नव्हते. म्हटलं, शेत इथून जवळ आहे, चला दाखवते. त्यांनाही काय वाटलं कोणास ठाऊक, म्हणाले, चला, जेवण झालं की जाऊ. मी म्हटलं, आत्ता चला, नाहीतर उद्या सकाळी. तर म्हणे संध्याकाळची गाडी आहे, आणि जेवण तयार आहे. जेवण सरांकडेच होतं. पुरणपोळी होती म्हणे. ती आरामात उरकून, वर पान खाऊन मंडळी पिपरीला पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

शेत हिरवंगार. एक फूल नाही.

परीक्षक माझ्याकडे पाहून मंद हसले. मी सांगितलं की पाकळ्या दुपारी गळतात. खाली बसून ताटांच्या बुडाशी पडलेल्या सुकलेल्या पाकळ्या गोळा केल्या आणि ओंजळ त्यांच्यापुढे धरली. ते म्हणाले, "काहीतरी रानफूल असेल." मग सरांकडे वळले. "काय हो मास्तर, तुम्ही इथले. असं असतं का?"

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! ज्या मातीवर आम्ही उभे होतो ती सरांच्या घरची. त्यांनीच मला सकाळी जा म्हणून बजावलेलं. आता एका वाक्यात सगळं मिटणार होतं.

सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, "नाही साहेब. आपण म्हणता तेच बरोबर. जवस हिरवाच असतो. पोरीनं हौसेनं रंगवलं, एवढंच."

साहेबापुढे त्यांनी भाषासुद्धा बदलली होती. माझ्या ओंजळीकडे एकदाही पाहिलं नाही. मी काहीतरी ओरडले, काय ते आठवत नाही. कोणी लक्ष दिलं नाही. शिष्यवृत्तीसाठी होडीवाल्या एका मुलाचं नाव गेलं. त्याच्यावर माझा राग नाही. परीक्षकावरही आता फारसा नाही, कारण त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचं नव्हतं, असली माणसं जन्मभर भेटतात. पण सरांना माहीत होतं! माहीत असून माणूस आपल्याच शेतात उभा राहून आपलंच शेत नाकारतो, ते कशासाठी? मुंबईचा साहेब पुढल्या वर्षी आपल्या वर्गावर नाराज होऊ नये म्हणून. दुसरं काही नाही.

बाबांनी नागपूरचा विषय तिथंच मिटवला. उन्हाळा लागता लागता स्थळंही यायला लागली.

आणि एका संध्याकाळी सर घरी आले. हातात गुंडाळी होती. परीक्षेची चित्रं त्यांच्याचकडे राहिलेली. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग बाबांना म्हणाले, "घर बांधून राह्यलो पिपरीले. नव्या बैठकीत लावाले हे चित्र ठेवू म्हणतो. पोरीले इचारून घ्यावं म्हटलं. घरी सारे म्हणून राह्यले, जसंच्या तसं आलं आपलं वावर."

बाबा लगेच म्हणाले, "ठेवा ना सर. त्यात काय इचारता?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी आतून बाहेर आले आणि सरांच्या हातातून ती गुंडाळी काढून घेतली.

"सर, तुमच्या वावरात जवस हिरवा असते," मी म्हटलं. "हे वावर तुमचं नाई."

सरांनी चपला घातल्या, सायकल काढली आणि ते गेले. बाबांचा चेहरा लाल झाला होता.

"सरांसंग असं बोलते काय कोणी?" ते म्हणाले.

"मी बोलते," मी म्हटलं.