तळं उपसायची वेळ

टाचणीमावशीच्या ओठांत सदा दोन-तीन टाचण्या धरलेल्या असत, म्हणून तिला हे नाव पडलेलं. गल्लीच्या टोकाच्या खोलीत ती कुणाच्या पँटची उंची कमी करून दे, कुणाची चेन बदलून दे, असलं शिवणकाम करायची. टाचण्या तोंडात असल्या की बोलता येत नाही, तेवढीच घराला विश्रांती, असं तिचे यजमान म्हणत.

शिवणयंत्रासमोरच्या खिडकीतून तळं दिसे. तळं कसलं, गल्लीने गाद्या, बाटल्या, मोडक्या खुर्च्या टाकून टाकून केलेलं डबकं. ते साफ करायचं खूळ मावशीच्याच डोक्यात शिरलं. जाऊबाईंनी लगेच ऐकवलं की स्वतःची मोरी घासायला सवड नाही आणि निघाली जगाचं तळं धुवायला. मावशीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आधी एकटीच उतरली. मग समोरचा न्हावी आला, बेकरीतली माणसं आली, शाळेतल्या बाई आल्या. रविवारी घमेली हातोहात फिरू लागली. कचरा हटला, काठाला लव्हाळा लावला, तो फोफावला, आणि एके सकाळी त्यातून पांढऱ्या छातीची पाणकोंबडी शेपटी हलवत बाहेर आली. मावशीने यंत्र थांबवून तिथल्या तिथे हात जोडले. देवाने आपलं काम बघितलं, असं तिला वाटलं.

इथवर सगळं छान होतं. पुढच्या उन्हाळ्यात गाळ काढताना मात्र हौस हाताबाहेर गेली. काळा गाळ संपला, त्याखाली राखाडी, चिवट, फावड्याला चिकटली की न सुटणारी माती लागली. सगळे दमले होते, पुरे म्हणत होते. मावशीने हट्ट धरला, अजून हातभर जाऊ द्या, घाण आहे तोवर काढूया. तीही माती काढली. खाली पिवळा मुरूम लागला तेव्हा तिला कोण आनंद झाला. तळ कसा घासलेल्या पातेल्यासारखा लख्ख दिसत होता.

पावसात तळं काठोकाठ भरलं. पण थंडी सरता सरता पाणी अर्ध्यावर आलं आणि पाऊस महिन्यावर आला तेव्हा मधल्या खोलगट भागात तेवढं उरलं. गल्लीतले पाणीखात्यातून निवृत्त झालेले साहेब वर्षभर लेकीकडे राहून परतले होते. त्यांनी काठाखालची माती चिमटीत घेऊन चुरली.

"बाई, ती चिकणमाती म्हणजे तळ्याचं बूड होतं," ते म्हणाले. "बूडच काढून टाकलंत. आता पाणी राहणार कशात?"

उपाय होता, पण सोपा नव्हता. उरलेलं पाणी पंपाने उपसायचं, तळ उघडा करायचा, चिकणमाती आणून थरावर थर पायांनी तुडवायची, आणि हे पावसाआधी उरकायचं. नाहीतर तळं कोरडं पडणार. नगरपालिकेची माणसं तिथे गाड्या उभ्या करायच्या म्हणून मापं घेऊन गेलेलीच होती. मासे टबांतून हलवता आले असते. पण पाण्याच्या मधोमध उरलेल्या लव्हाळ्यात पाणकोंबडी अंड्यांवर बसली होती. भोवतीचं पाणी हाच तिचा कोट. ते गेलं की कुत्री थेट घरट्यापाशी.

पिल्लं निघेपर्यंत थांबू, असं शाळेतल्या बाई म्हणाल्या. तेवढ्यात पाऊस आला तर माती बसणार नाही, असं साहेबांनी सांगितलं. न्हावी जमिनीकडे बघत म्हणाला, "खोदा म्हणून तुम्हीच सांगितलंत, मावशी. आता हेही तुम्हीच सांगा."

त्याचं खोटं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं.

दुसऱ्या सकाळी ती देवापुढे बसली. रोज हात जोडले की शब्द आपोआप येत. त्या दिवशी येईनात. मागायचं तरी काय? तळं वाचव म्हणावं, तर घरटं मोड म्हटल्यासारखं. यजमान चहाचा कप घेऊन दारात उभे होते.

"अगं, त्याला कशाला मध्ये घेतेस?" ते हळूच म्हणाले. "पंप आपण आणलाय."

मावशी उठली. जाळी आणली, बेकरीवाल्यांना घेऊन कंबरभर चिखलात उतरली आणि घरट्याभोवती कुंपण घातलं. कुत्री हाकलायला काठी घेऊन स्वतः उभी राहिली. तिने मान हलवली आणि पंप सुरू झाला. त्या धडधडाटासरशी पाणकोंबडी उडाली ती पलीकडच्या नाल्यात जाऊन पडली, आणि तिथून एकसारखी ओरडू लागली.

"बंद करा," मावशी म्हणाली. पंप बंद झाला, पण तोवर काठचा चिखल उघडा पडला होता. सगळे दूर जाऊन झाडामागे बसले. कुणी खोकलंसुद्धा नाही. ऊन डोक्यावर आलं, कलू लागलं. पाखरू नाल्याच्या कडेपर्यंत यायचं, उघडा पडलेला चिखल बघायचं आणि मागे फिरायचं. उजेड उतरू लागला तशी मावशी घरट्यापाशी गेली. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी तिने बोटांची मागची बाजू अंड्यांना लावली. गार होती.

ती तशीच वाकून उभी राहिली. परत आली तेव्हा तोंड पुसायचंही तिला भान नव्हतं. "चालू करा," ती म्हणाली.

तळ उघडा झाला, चिकणमातीचा पहिला ढीग पडला तशी ती साडी खोचून त्यात शिरली. तुडवायला लागली तर पाय रुतायचा, तो उपटताना कळ थेट कमरेत जायची. जाऊबाई घमेलं घेऊन आल्या, एकही टोमणा न मारता. न्हावी तिच्या शेजारी येऊन तुडवू लागला, त्याच्याकडे मात्र तिने पाहिलं नाही. पाणी ठरेल की नाही हे पाऊस पडल्याशिवाय साहेबही सांगू शकत नव्हते. नाल्यातून हाक येतच होती. मावशी तिकडे पाठ करून तुडवत राहिली.