वहीतली नोंद

आयोडीनचा वास आला की मला वडगावचे एक विणकर आठवतात. मी तेव्हा बेळगावच्या एका इस्पितळात नवी नर्स होते आणि तिथं भगंदरावरच्या एका नव्या उपचाराची चाचणी चालली होती. कापाकापी न करता लेझरची बारीक तार आत घालून ते बंद करायचं. या विणकरांची आधीची दोन ऑपरेशनं वाया गेली होती, मागावर तासभरही बसवत नव्हतं. "यानं गुण येईलच असं नाही," डॉक्टरांनी आधीच सांगितलं. विणकर म्हणाले, "आतापतोर समद्यांनी येणारच म्हणून सांगितलं. तुमी खरं बोललासा. करा." जखम भरली, पण चार महिन्यांनी पुन्हा पू येऊ लागला. आता हे काही तपासणीला येत नाहीत, असं मला वाटलं. पण ठरल्या दिवशी ते आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. चाचणीच्या नोंदींची वही उघडून मी सौम्य शब्द शोधत होते, तर ते म्हणाले, "आक्का, बरं झालं न्हाय असंच लिवा. पुढच्याला खरं कळू दे." मी तसंच लिहिलं. आज नव्या मुलींना शिकवताना मी फसलेल्या उपचाराची नोंद आधी करायला लावते.