जावक क्रमांक नसलेले फोटो

डहाणूतल्या चिकू बागायतदारांच्या एका सोसायटीत एकनाथ चुरींनी एकोणतीस वर्षं आवक-जावक सांभाळलं. म्हणजे काय, तर आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, त्याला नंबर द्यायचा, वहीत लिहायचं. जाणाऱ्या कागदाचंही तेच. बस्स, एवढंच काम. पण चुरींनी ते असं केलं की विचारू नका. एकदा वाऱ्याने खिडकीतून पतंग आत आला, तर त्याचीही नोंद: ‘पतंग एक, लाल, पाठवणाऱ्याचे नाव नाही.’

घरीही सुटका नव्हती हो! मसोलीच्या घरात दाराजवळ खिळ्याला दुसरी वही टांगलेली. शेजारच्या कमळीवहिनींनी सुक्या बोंबलाच्या चटणीची वाटी पाठवली की लगेच नोंद: ‘वाटी एक, परत करणे बाकी.’ वसुमतीबाई म्हणायच्या, “बरं झालं, मी लग्न होऊन आले तेव्हा तुमच्याकडे शिक्का नव्हता. नाहीतर माझ्या कपाळावर मारला असतात.” त्यावर चुरी गंभीरपणे सांगायचे, की शिक्का कपाळावर नसतो, वर उजव्या कोपऱ्यात असतो. अशा माणसाशी भांडणार तरी कसं?

नव्याण्णव साली सोसायटीत कॉम्प्युटर आला. चेअरमननी नारळ फोडला, निलम नावाची तलासरीची हुशार मुलगी चालवायला ठेवली आणि चपला बाहेर काढायचा हुकूम सोडला. आता दिल्लीचे व्यापारी ई-मेल करणार म्हणे. चुरी दाराशी वही घेऊन उभेच. “पत्र हवेतून येवो नाहीतर नळातून,” ते म्हणाले, “नंबर पडल्याशिवाय आत येणार नाही. आणि आलेलं टपाल न उघडता ठेवायचं नाही, हा माझा नियम आहे.”

या नियमानेच घात केला. मार्चमध्ये खोके पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचा ई-मेल आला, त्याला एक फाइल जोडलेली. निलम म्हणाली, “काका, याला अटॅचमेंट म्हणतात. हे काय आहे कळत नाही, राहू दे का?”

“राहू दे? आलेलं टपाल? उघड!”

तिने उघडलं. पडद्यावर एक माकड आलं, नाचलं, टोपी काढून नमस्कार केला आणि गेलं. चेअरमन तर पोट धरून हसले. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. अर्ध्या तासाने दिल्लीहून फोन, “चुरीजी, ये बंदर क्यों भेजा?” मग सुरतेहून, मग नाशिकहून. त्या मेल्या माकडाने कॉम्प्युटरमधले सगळे पत्ते काढले होते, आणि त्रेसष्ट जणांना स्वतःच स्वतःला पाठवून दिलं होतं. दुपारपर्यंत तर मशिनने मानच टाकली. आतलं होतं नव्हतं ते सगळं पुसलं गेलं.

चेअरमन मशिनच्या नावाने रडत होते. चुरींचं दुःख वेगळंच. “त्रेसष्ट पत्रं!” ते कपाळावर हात मारत राहिले. “सोसायटीच्या नावाने त्रेसष्ट पत्रं बाहेर गेली, आणि माझ्या जावक वहीत एकाचीही नोंद नाही!” त्या दिवशी ते जेवलेसुद्धा नाहीत.

दुरुस्तीला वापीहून सुनिल आला. बोलणं अर्धं मराठी, अर्धं गुजराती. त्याने सांगितलं, की त्या खोकेवाल्याने काहीच पाठवलं नव्हतं. त्या बिचाऱ्याला पत्ताही नव्हता. त्याच्या मशिनमधल्या व्हायरसने परस्पर पाठवलं. “तेव्हा काका, नाव ओळखीचं आहे म्हणून उघडायचं नाय. पहेला पूछो, पछी खोलो. आधी विचारायचं, मगच उघडायचं. व्हायरस पकडणारी फ्लॉपी दर महिन्याला नवी आणायची. आणि सगळ्याची एक प्रत बाहेर ठेवायची.”

प्रतीचं नाव ऐकताच चुरींनी आपल्या वह्या टेबलावर आपटल्या. त्रेसष्टच्या त्रेसष्ट पत्ते त्यात शाईने लिहिलेले! निलमने दोन दिवसांत पुन्हा चढवले. चुरींना मात्र त्यातून भलतंच ज्ञान झालं. माणूस पत्र पाठवतो तेव्हा जावक नंबर देतो. माकड कुठून देणार? झालं! कॉम्प्युटरच्या वर पाटी लागली: ‘जावक क्रमांक नाही, तर उघडणे नाही.’ सगळ्या व्यापाऱ्यांना तसं कळवलं. दिल्लीवाल्यांनी आधी शिव्या घातल्या, मग मुकाट्याने नंबर टाकू लागले.

आणि नेमकं त्याच सुमारास मुक्ताचं जमत आलं.

मुक्ता म्हणजे चुरींची एकुलती एक लेक, कोसबाडला शाळेत शिकवायची. झाईला एका लग्नात तिला समर्थ भेटला, बंगलोरला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. दोघं पंगतीत शेजारी बसले, आणि पोरगी त्या दिवसापासून घरात गुणगुणायला लागली. समर्थच्या वडिलांचा फोन आला, “फोटो पाठवतोय, तुमच्या ऑफिसच्या ई-मेलवर. बघा, आणि रविवारपर्यंत होकार कळवा. आणखी एक स्थळ थांबलंय.”

बुधवारी समर्थच्या नावाने ई-मेल आला. वर इंग्रजीत, ‘माझे फोटो, नक्की बघा.’ खाली अटॅचमेंट. जावक क्रमांक? नाही!

निलमचं बोट माउसवर. “काका, जावईबापू आहेत. उघडू ना?”

जावई कसा दिसतो हे बघायची घाई चुरींना काय कमी होती? पण त्यांनी निलमचा हात बाजूला केला आणि उत्तर सांगितलं: ‘आपले जोडपत्र मिळाले. त्यावर जावक क्रमांक नसल्याने उघडता येत नाही. आपणच पाठवले आहे काय, याचा खुलासा व्हावा.’ खाली जावक क्रमांक ४१७.

घरी कळलं आणि आकाशपाताळ एक झालं. “अहो, खुलासा? होणाऱ्या जावयाकडे खुलासा मागितलात?” वसुमतीबाईंनी डाळीत मीठ दोनदा घातलं. मुक्ता आधी ओरडली, “पप्पा, माझं लग्न आहे हे, चिकूची पेटी नाही!” मग दार लावून रडली. ते रडणं चुरींना बाहेर ऐकू येत होतं. आपण पोरीचं वाटोळं केलं, असं त्यांना मनापासून वाटलं. गुरुवार तसाच गेला. बंगलोरहून चकार शब्द नाही.

शुक्रवारी ऑफिसात फोन वाजला. समर्थच होता. “काका, उघडलं नाहीत ना?”

“नाही,” चुरी कसेबसे म्हणाले. आता हा नकार देणार, अशी त्यांची खात्रीच झाली होती.

“नशीब! ते मी पाठवलंच नव्हतं. माझ्या मशिनमध्ये व्हायरस शिरला होता. एकशे चाळीस जणांना गेलं, आमचे साहेबसुद्धा उघडून बसले. आम्ही सगळे कॉम्प्युटरवाले, काका! उलट विचारलंत ते तुम्ही एकट्याने. तुमचं पत्र वाचलं म्हणून मला कळलं.” मग हळूच, “मुक्ता रागावलीय का?”

“तुमच्यावर नाही,” चुरी म्हणाले.

रविवारी समर्थ स्वतःच मसोलीला हजर झाला. ई-मेलची भानगडच नको, म्हणून फोटो पाकिटात घालून आणले होते. पाकिटावर वर ठळक अक्षरात: जावक क्रमांक १. मुक्ताला हसू आवरेना. चुरींनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं, शिक्का मारला, आणि मगच उघडलं.

लग्न मेमध्ये झालं. दुपारी वरात गेली, मांडव रिकामा झाला. वसुमतीबाईंनी डोळे पुसले आणि दाराजवळची वही उघडली. आवकच्या पानावर त्या दिवशीची नोंद होती: ‘जावई एक. आधी विचारून घेतला. परत करणे नाही.’

त्यांनी पान उलटलं. जावकचं पान कोरं होतं.

“अहो, मुक्ता गेली, त्याची नोंद राहिली की.”

चुरी पाठमोरे उभे होते, शिक्का हातातच होता.

“राहू दे,” ते म्हणाले. “एकोणतीस वर्षांत एवढी एकच राहू दे.”